आनास्तास योवानोविच : सर्बियन साहित्याचे चेहरे आणि छायाचित्रणाचा आरंभ

१

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथ, त्यांच्या आवृत्त्या, लेखकांची चरित्रे आणि वाचकवर्ग यांचा विचार होतो. लेखकाच्या चेहऱ्याचा विचार सहसा होत नाही. ग्रंथाच्या आरंभी छापलेले लेखकाचे चित्र हे शोभेचे अंग मानले जाते. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनाने काढले ही चौकशी कलेतिहासाकडे सोपवून वाङ्मयाचा अभ्यासक मोकळा होतो. परंतु एखाद्या भाषेचे अर्वाचीन साहित्य जेव्हा स्वतःची परंपरा निश्चित करू लागते, आपले आद्य कवी कोण आणि आपले व्याकरणकार कोण हे ठरवू लागते, तेव्हा त्या परंपरेला नावांबरोबर चेहरेही लागतात. पाठ्यपुस्तकांत, सभागृहांच्या भिंतींवर, टपाल तिकिटांवर आणि नोटांवर जे चेहरे पुढे शतकभर वावरतात ते कुठल्या तरी एका क्षणी, कुणा एका कारागिराच्या हातून घडलेले असतात.

सर्बियन साहित्याच्या बाबतीत ही प्रक्रिया विशेष स्पष्टपणे पाहता येते. तेथे अर्वाचीन साहित्यभाषेची प्रतिष्ठापना आणि छायाचित्रणाचा आरंभ या दोन घटना जवळजवळ एकाच वेळी आणि बऱ्याच अंशी एकाच शहरात घडल्या. ते शहर सर्बियात नव्हते. ते ऑस्ट्रियन साम्राज्याची राजधानी व्हिएन्ना होते. लोकभाषेच्या लेखनाचा पुरस्कार करणारा वुक काराजिच तेथे राहत होता. माँटेनेग्रोचा धर्मगुरू, शासक आणि कवी न्येगोश याने आपले मुख्य काव्य तेथेच छापून घेतले. आणि तेथेच आनास्तास योवानोविच नावाचा एक शिलामुद्रक कागदावर सूर्यप्रकाशाने चेहरे उमटवण्याचे नवे तंत्र आत्मसात करीत होता. सर्बियन छायाचित्रणाच्या आद्य कलावंतांत योवानोविचचे नाव अग्रभागी घेतले जाते. तथापि त्याचे महत्त्व केवळ कालक्रमाने पहिला असण्यात नाही. मुद्रणाच्या जगातून आलेल्या या माणसाने छायाचित्राकडे मुद्रकाच्या दृष्टीने पाहिले, आणि त्या दृष्टीमुळेच त्याने टिपलेले चेहरे वाङ्मयेतिहासाचा भाग बनले, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

योवानोविचचा जन्म १८१७ साली व्राट्सा या गावी झाला. हे गाव आज बल्गेरियात असून त्या काळी ऑटोमन साम्राज्यात मोडत होते. म्हणूनच बल्गेरियन छायाचित्रणाच्या इतिहासातही त्याचे नाव आदराने घेतले जाते. लहान वयातच तो बेलग्रेडला आला. तेव्हाचा सर्बिया म्हणजे सुलतानाचे आधिपत्य मानणारे, परंतु १८३० पासून अंतर्गत कारभारात स्वायत्त झालेले एक छोटे संस्थान होते. त्याचा अधिपती मिलोश ओब्रेनोविच स्वतः निरक्षर होता. पण नव्या राज्याला कायदे, हुकूम, पंचांगे आणि वर्तमानपत्र छापावे लागणार हे त्याने ओळखले होते. १८३१ साली बेलग्रेडमध्ये राजकीय छापखाना सुरू झाला आणि तरुण योवानोविच तेथे अक्षरांचे ठसे कोरण्याच्या कामाला लागला.

या तपशिलाला वाङ्मयदृष्ट्या एक वेगळाच अर्थ आहे. सर्बियन मुद्रणात त्या वेळी अक्षर हीच वादाची वस्तू झाली होती. चर्चच्या परंपरेतून आलेल्या स्लाव्ह भाषेऐवजी शेतकऱ्यांच्या आणि धनगरांच्या तोंडची भाषा लिहावी, आणि प्रत्येक ध्वनीला एकच अक्षर असावे, असा वुकचा आग्रह होता. १८१८ च्या आपल्या शब्दकोशात त्याने सिरिलिक वर्णमालेतील निरुपयोगी अक्षरे गाळून काही नवी अक्षरे घेतली. त्यांपैकी लॅटिनमधून घेतलेल्या एका अक्षरावर तर धर्मद्रोहाचा आरोप झाला. १८३२ साली मिलोशने वुकच्या लेखनपद्धतीने पुस्तके छापण्यास आपल्या संस्थानात बंदी घातली. ज्या छापखान्यात योवानोविच अक्षरे कोरायला शिकत होता, त्याच छापखान्याला वुकची अक्षरे निषिद्ध होती. पुढे व्हिएन्नात ज्याचा चेहरा त्याने टिपला, त्याच्या लिपीशी त्याच्या धंद्याचा असा पूर्वसंबंध होता.

कोरीव कामातील त्याचे कसब पाहून १८३८ साली मिलोशने त्याला शिष्यवृत्ती देऊन व्हिएन्नाला पाठवले. तेथील ललितकला अकादमीत त्याने शिक्षण घेतले आणि शिलामुद्रणात प्रावीण्य मिळवले. ज्या राजाने त्याला पाठवले त्याला १८३९ सालीच सत्तात्याग करावा लागला. मिलोशचा मुलगा मिहाइलो गादीवर आला. परंतु १८४२ च्या उठावात त्यालाही देश सोडावा लागला आणि ओब्रेनोविच घराण्याचा वनवास सुरू झाला. योवानोविच मात्र व्हिएन्नात राहिला, आणि परागंदा राजपुत्राशी त्याचा स्नेह कायम राहिला.

३

१८३९ हे वर्ष दुसऱ्याही कारणाने निर्णायक ठरले. जानेवारीत पॅरिसमध्ये डागेरच्या शोधाची वार्ता प्रसिद्ध झाली आणि १९ ऑगस्ट रोजी त्याची कृती सर्वांना खुली करण्यात आली. त्याच वर्षी डागेरच्या पद्धतीचे नमुने व्हिएन्नातही पाहायला मिळाले. या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटत असे. ती आश्चर्यकारक सूक्ष्मतेची असे, पण आरशासारखी चकाकणारी, उलटी आणि एकुलती एक असे. तिची प्रत निघत नसे. शिवाय आरंभीच्या भिंगांतून येणारा प्रकाश इतका अपुरा होता की प्रतिमा उमटायला बरीच मिनिटे लागत. इमारती तेवढा वेळ स्थिर राहत. माणसे राहत नसत.

ही अडचण व्हिएन्नातच सुटली. तेथील विद्यापीठातील गणिताचा प्राध्यापक योझेफ पेत्झवाल याने १८४० मध्ये गणिताच्या आधारे व्यक्तिचित्रणासाठी एक भिंग सिद्ध केले. त्यासाठी लागणारी प्रचंड आकडेमोड करण्यास त्याला ऑस्ट्रियन तोफखान्यातील गणित जाणणारी माणसे देण्यात आली होती. हे भिंग पूर्वीच्या भिंगापेक्षा सुमारे पंधरा पटींनी अधिक प्रकाश आत घेई. फोइग्टलेंडर यांनी ते बसवून १८४१ मध्ये दुर्बिणीसारखा दिसणारा पितळी कॅमेरा विक्रीला आणला. आता माणसाचा चेहरा मिनिटाच्या आसपास, आणि प्रकाश चांगला असल्यास त्याहूनही कमी वेळात, टिपता येऊ लागला. योवानोविचने या फोइग्टलेंडर कॅमेऱ्याने काम केले.

डागेरच्या पत्र्याबरोबरच त्याने इंग्लंडमधील टॅल्बटच्या पद्धतीकडे लक्ष वळवले, आणि त्याचे खरे वैशिष्ट्य येथे दिसते. टॅल्बटने १८४१ साली कॅलोटाइप या नावाने स्वामित्वहक्क घेतलेली ही पद्धत कागदावर आधारलेली होती. चांगल्या लेखनाच्या कागदावर चांदीच्या आयोडाइडचा थर चढवायचा, वापरण्यापूर्वी त्यावर चांदीचे नायट्रेट आणि गॅलिक आम्ल यांचे मिश्रण लावायचे, आणि तो कागद कॅमेऱ्यात ठेवून प्रकाश द्यायचा. बाहेर काढल्यावर कागदावर काहीच दिसत नसे. त्याच मिश्रणाने पुन्हा धुतल्यावर प्रतिमा हळूहळू वर येई. प्रकाशाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी प्रकाश अशी ही उलट प्रतिमा मेण लावून पारदर्शक केली, मिठाच्या पाण्यात भिजवून चांदीच्या द्रावाने संवेदनशील केलेल्या दुसऱ्या कागदावर ठेवली आणि उन्हात धरली, की मूळ चेहरा सुलट उमटत असे. एका उलट प्रतिमेपासून अशा अनेक प्रती काढता येत.

कॅलोटाइपमध्ये डागेरच्या पत्र्याची तीक्ष्णता नव्हती. कागदाचे तंतू प्रतिमेत उतरत. केस, कापडाची वीण, डोळ्यांच्या कडा मऊ होत. धंदा म्हणून व्यक्तिचित्रे काढणाऱ्या बहुतेकांनी म्हणूनच पत्रा पसंत केला. गिऱ्हाइकाला स्वतःच्या चेहऱ्याची चकचकीत, डबीत बसवलेली एकच वस्तू हवी असे. योवानोविचने कागद का पसंत केला याचे उत्तर त्याच्या पूर्वीच्या व्यवसायात सापडते. ठसे कोरणाऱ्याला आणि शिलामुद्रकाला उलट्या प्रतिमेतून सुलट छाप काढण्याची सवय असते. एका मूळ आकृतीपासून अनेक प्रती निघणे हाच त्याच्या कामाचा हेतू असतो. डागेरचा पत्रा हा हस्तलिखितासारखा होता, तर कॅलोटाइप हा खिळ्यांसारखा. छापखान्यातून आलेल्या माणसाला दुसरा मार्ग परिचयाचा वाटणे स्वाभाविक होते.

४

या तंत्राचा उपयोग त्याने कसा केला हे समजण्यासाठी त्या काळच्या व्हिएन्नातील चित्रबाजार ध्यानात घ्यावा लागतो. छायाचित्र अद्याप पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात छापता येत नव्हते. लोकांच्या घरात राजे, गायक, सेनानी आणि कवी यांचे जे चेहरे पोहोचत ते शिलामुद्रित चित्रांच्या रूपाने. योझेफ क्रीहुबर हा त्या क्षेत्रातील व्हिएन्नाचा सर्वांत नावाजलेला कलावंत होता. शिलामुद्रणात चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढले जाते. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट रेषांना चिकटते आणि छाप कागदावर येतो. चित्रकाराला बैठकीसाठी व्यक्ती समोर लागे, आणि व्यस्त माणसे फार वेळ बसत नसत.

योवानोविचने छायाचित्राला या कामात मधला दुवा बनवले. व्यक्ती काही क्षण कॅमेऱ्यासमोर बसे, कागदावर तिची मुद्रा राही, आणि पुढे त्या मुद्रेवरून तो दगडावर चित्र उतरवू शके. अर्थात कॅलोटाइप ही केवळ कच्ची टिपणे होती असे मानणे चूक ठरेल. त्याने आपल्या कुटुंबीयांची, मित्रांची आणि स्वतःचीही छायाचित्रे काढली. त्यांत बैठकीची मांडणी, हातांची जागा, एका बाजूने येणारा प्रकाश यांचा विचार स्पष्ट दिसतो. परंतु सार्वजनिक जीवनात त्याची ओळख शिलामुद्रित चित्रांनी झाली, आणि छायाचित्रे बहुधा त्याच्या संग्रहातच राहिली. विसाव्या शतकातील अभ्यासकांनी या संग्रहाकडे स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहण्यास सुरुवात केली, तेव्हा त्याच्या कीर्तीचे केंद्र दगडावरून कागदाकडे सरकले.

येथे वुकच्या कार्याशी एक साम्य दिसते. वुकने लोकगीते गायकांच्या तोंडून ऐकून लिहून घेतली. १८१५ साली शिशातोवाच मठात त्याने अंध गायक फिलिप विश्न्यिच याच्याकडून उठावाची गीते उतरवून घेतली, हे सर्बियन वाङ्मयातील सर्वपरिचित प्रकरण आहे. गाणे हे गायकाच्या श्वासात होते. टिपण हे वुकच्या वहीत होते. आणि छापील ग्रंथात ते आले तेव्हा वुकने शब्द निवडले होते, पाठ ठरवला होता, ओळी शुद्ध केल्या होत्या. गायनापासून ग्रंथापर्यंतच्या या प्रवासात मधल्या टिपणाचे जे स्थान, तेच चेहऱ्यापासून छापील चित्रापर्यंतच्या प्रवासात योवानोविचच्या कॅलोटाइपचे. दोघांचेही श्रेय ते जिवंत मूळ वस्तूकडे गेले यात आहे, आणि दोघांच्याही बाबतीत अभ्यासकाने मधला टप्पा आणि अंतिम छाप यांतील अंतर मोजले पाहिजे. लोकगीतांचे अभ्यासक हे अंतर मोजतात. चित्रांच्या बाबतीत मात्र ते बहुधा दुर्लक्षिले जाते.

५

१८४७ हे वर्ष सर्बियन वाङ्मयात लोकभाषेच्या विजयाचे वर्ष मानले जाते. त्या एका वर्षात चार ग्रंथ प्रसिद्ध झाले: वुकने केलेले नव्या कराराचे भाषांतर, जूरो दानिचिच याचा भाषा आणि लेखनपद्धती यांविषयीचा वादग्रंथ, तरुण कवी ब्रांको रादिचेविच याचा कवितासंग्रह आणि न्येगोशचे नाट्यकाव्य 'गोर्स्की वियेनाच', म्हणजे 'पर्वताची माला'. न्येगोशचे काव्य व्हिएन्नातील आर्मेनियन मेखितारिस्ट संन्याशांच्या छापखान्यात छापले गेले. तीन वर्षांनी, १८५० च्या मार्चमध्ये, सर्बियन आणि क्रोएशियन लेखक व भाषापंडितांनी एका समान साहित्यभाषेच्या तत्त्वांवर सह्या केल्या, त्याही व्हिएन्नातच. आपल्या देशात ज्यांना अद्याप पुरेसा अवकाश नव्हता अशा लेखकांचे हे परमुलखातले केंद्र होते, आणि योवानोविचचा कॅमेरा त्या केंद्रात होता.

त्याने वुकची छायाचित्रे काढली. वुक तेव्हा साठीत होता. एका पायाने अधू, कुबडीच्या आधाराने चालणारा आणि आयुष्यभर पैशांच्या विवंचनेत राहिलेला हा माणूस युरोपभर सन्मान पावला होता, तरी सर्बियात त्याची लेखनपद्धती निषिद्धच होती. सर्बियन वाचकाला वुक म्हणून जो वयस्क, भरघोस मिशांचा चेहरा परिचयाचा आहे तो या उत्तरायुष्यातला आहे. पंचविशीत व्याकरण लिहिणारा आणि गावोगाव गाणी गोळा करणारा वुक छायाचित्रात नाही, कारण तेव्हा छायाचित्रणच नव्हते. परिणामी परंपरेच्या स्मृतीत बंडखोर तरुणाची जागा वृद्ध आचार्याने घेतली. एखाद्या साधनाचा जन्म केव्हा झाला यावर लेखकाचे कोणते वय अमर होणार हे अवलंबून असते.

न्येगोशची गोष्ट याच्या उलट आहे. १८१३ साली जन्मलेला न्येगोश क्षयाने आजारी होता. १८५१ च्या आरंभी तो हवापालटासाठी इटलीत होता, आणि तेथून परतताना त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात व्हिएन्नाला आला. योवानोविचने त्याचे कॅलोटाइप छायाचित्र या १८५१ सालातले आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस न्येगोश आपल्या राजधानीत, त्सेतिन्ये येथे, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मरण पावला. माँटेनेग्रोच्या डोंगराळ प्रदेशातून हे चित्र मिळणे अशक्यप्राय होते. त्याचा कवी व्हिएन्नात आला, तेथे योग्य साधन असलेला आणि त्याची भाषा बोलणारा कलावंत होता, म्हणूनच ते शक्य झाले. काही महिन्यांचा उशीर झाला असता तर न्येगोश हा केवळ रंगचित्रांतून आणि आठवणींतून ओळखला जाणारा कवी राहिला असता.

मात्र या छायाचित्राने वाचकाला एक मोहही घातला. मृत्यूच्या छायेतील कवीचा चेहरा म्हणून ते पाहिले गेले, आणि काव्यातील नियतीचे चिंतन त्या डोळ्यांत शोधले गेले. ज्या पद्धतीत माणसाला प्रतिमा उमटेपर्यंत निश्चल बसावे लागे, मान स्थिर ठेवण्यासाठी बहुधा मागून आधार दिला जाई आणि प्रखर प्रकाशाकडे टक लावावी लागे, त्या पद्धतीत गंभीरपणा हा बऱ्याच अंशी तंत्राचा परिणाम असतो. त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या छायाचित्रांतही तोच गंभीरपणा दिसतो. न्येगोशच्या चेहऱ्यावरून त्याच्या काव्याचा अर्थ लावणे म्हणजे कॅमेऱ्याची मर्यादा कवीच्या पदरात घालणे होय. छायाचित्र एवढेच सांगते की हा माणूस त्या वर्षी, त्या प्रकाशात, त्या खुर्चीवर बसला होता. एवढे सांगणेही लहान नाही.

६

याच काळात योवानोविचने 'स्पोमेनित्सी सेर्ब्स्की', म्हणजे 'सर्बियन स्मारके', ही शिलामुद्रित चित्रमाला काढली. १८५० ते १८५२ या वर्षांत ती व्हिएन्नात भागशः प्रसिद्ध झाली. तीत मध्ययुगीन राजे, कोसोव्होच्या गीतांतले वीर आणि अलीकडच्या इतिहासातील व्यक्ती होत्या. १३८९ च्या कोसोव्हो युद्धात पडलेल्या लाझारचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. मठांतील भित्तिचित्रे, जुनी कोरीव चित्रे आणि कल्पना यांवरून तो घडवावा लागला. परंतु एकाच कलावंताच्या हातून, एकाच दगडावर, एकाच प्रकारच्या छायाप्रकाशात रेखाटलेल्या या चित्रांत कल्पिलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले असे दोन प्रकारचे चेहरे एकाच पंक्तीत बसले. ज्या हाताने जिवंत माणसांचे चेहरे कॅमेऱ्यातून अभ्यासले होते, त्या हाताने काढलेला मध्ययुगीन वीरही जणू बैठकीला बसून गेला असे वाटू लागले. छायाचित्राने मिळवलेली विश्वासार्हता अशा रीतीने दंतकथेलाही उसनी मिळाली. राष्ट्रीय परंपरा घडण्याची ही क्रिया लोकगीतांच्या संकलनाइतकीच परिणामकारक होती, कारण भिंतीवरचे चित्र निरक्षरालाही वाचता येत होते.

राजकीय निष्ठेने योवानोविच ओब्रेनोविच घराण्याचा होता. तरी त्याच्या कामाला पक्षाची कुंपणे नव्हती. १८४२ चा उठाव ज्याने घडवून मिहाइलोला देशोधडीला लावले त्या तोमा वुचिच पेरिशिचचेही व्यक्तिचित्र त्याने काढले. पुढे ओब्रेनोविच घराणे सत्तेवर परतले तेव्हा १८५९ मध्ये वुचिच अटकेत असताना मरण पावला. एका कलावंताच्या संग्रहात परागंदा राजपुत्र आणि त्याला परागंदा करणारा सेनानी शेजारी शेजारी असणे, हे त्या संग्रहाचे ऐतिहासिक मोल वाढवते. कवी, पंडित आणि राजकारणी या सगळ्यांना त्याच्या कॅमेऱ्याने एकाच मापाने पाहिले.

७

१८५८ अखेरीस बेलग्रेडच्या सभेने ओब्रेनोविच घराण्याला परत बोलावले. वृद्ध मिलोश पुन्हा गादीवर आला आणि १८६० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर मिहाइलोने राज्य हाती घेतले. योवानोविचही बेलग्रेडला परतला आणि मिहाइलोच्या दरबाराचा व्यवस्थापक झाला. या पदामुळे त्याच्या कलेचा वेळ कमी झाला असला तरी कॅमेरा सुटला नाही. त्याने राजपरिवाराची छायाचित्रे काढली, आणि दोन भिंगांनी टिपून खास चष्म्यातून पाहिल्यास खोली जाणवणारी जोडचित्रेही काढली. बेलग्रेड तेव्हा ऑटोमन किल्ल्याच्या सावलीतून बाहेर पडत होते. शेवटच्या तुर्की शिबंद्या १८६७ मध्ये सर्बियातून गेल्या. त्याने टिपलेली शहराची दृश्ये या संक्रमणाची साक्ष देतात.

१० जून १८६८ रोजी कोशुतन्याकच्या वनात मिहाइलोचा खून झाला आणि योवानोविचचे दरबारी आयुष्य संपले. त्याच वर्षी वुकच्या लेखनपद्धतीवरील उरलेली बंधने सर्बियात उठली. वुक स्वतः चार वर्षांपूर्वीच, १८६४ मध्ये, व्हिएन्नात वारला होता. तरुणपणी ज्या अक्षरांना आपल्या छापखान्यात मज्जाव होता ती राज्याची अक्षरे झालेली योवानोविचने पाहिली. निवृत्तीच्या काळात त्याने आत्मचरित्र लिहिले. १८९९ साली बेलग्रेडमध्ये त्याचे निधन झाले. तोवर छायाचित्रण हा गल्लोगल्लीचा व्यवसाय झाला होता. कागदी उलट प्रतिमेची जागा काचेने घेतली होती, आणि भेटपत्रिकेच्या आकाराची छायाचित्रे सामान्य कुटुंबांच्या संग्रहात जाऊन बसली होती.

त्याची मुलेही उल्लेखनीय निघाली. १८४९ मध्ये जन्मलेला कोन्स्तांतिन वास्तुशिल्पी झाला. सोफियातील बल्गेरियन संसदेची इमारत आणि बेलग्रेडमधील राष्ट्रीय बँकेची इमारत या त्याच्या रचना होत. १८६९ मध्ये जन्मलेली कातारिना ही लेखिका आणि भाषांतरकार होती. तिने न्येगोशचे 'गोर्स्की वियेनाच' जर्मनमध्ये आणले. बापाने कवीचा चेहरा कागदावर उतरवला आणि लेकीने त्याचे काव्य दुसऱ्या भाषेत उतरवले. दोन्ही कामांत मूळ वस्तूचे काही हरवते आणि काही नव्याने उजळते. भावाच्या मृत्यूनंतर कातारिनाने पित्याचा संग्रह सांभाळला आणि तो बेलग्रेड शहराला दिला. आज तो बेलग्रेड नगर संग्रहालयात आहे. १९४१ च्या एप्रिलमधील जर्मन बाँबवर्षावात बेलग्रेडचे राष्ट्रीय ग्रंथालय हस्तलिखितांसह जळून गेले हे लक्षात घेतले, म्हणजे हे नाजूक कागद वाचले याचे मोल कळते.

८

योवानोविचच्या कार्याचा वाङ्मयाभ्यासकाला मिळणारा बोध पद्धतीविषयीचा आहे. लेखकाच्या प्रत्येक चित्राला पाठाप्रमाणेच इतिहास असतो. प्रथम प्रत्यक्ष बैठक, मग कागदावरील उलट प्रतिमा, तीवरून काढलेली सुलट प्रत, तीवरून कदाचित दगडावर रेखाटलेले चित्र, आणि त्यानंतर पुस्तकांतील, तिकिटांवरील, नोटांवरील आवृत्त्या अशी ही परंपरा असते. प्रत्येक टप्प्यावर कुणी तरी काही गाळतो आणि काही ठळक करतो. सर्बियाच्या १० दिनारांच्या नोटेवर वुक आणि २० दिनारांच्या नोटेवर न्येगोश दिसतो. ज्यांनी त्यांची एक ओळही वाचलेली नाही त्यांच्याही हातातून ते चेहरे रोज जातात. पाठभेदांची चिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाने मुखभेदांचीही चिकित्सा करावी, हे यातून निष्पन्न होते.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका नाही. ज्या कवींचे समकालीन चित्र उपलब्ध नाही त्यांची कल्पनाचित्रे आणि एकोणिसाव्या शतकातील लेखकांची छायाचित्रे पाठ्यपुस्तकांत शेजारी शेजारी छापली जातात, आणि वाचक दोहोंवर सारखाच विश्वास ठेवतो. पाहिलेला चेहरा कोणता आणि घडवलेला कोणता, हे वेगळे करून सांगणे हे वाङ्मयेतिहासाचेच काम आहे. 'सर्बियन स्मारके'सारखी चित्रमाला हाती आली तर ती चाळताना प्रत्येक पानावर हा प्रश्न विचारावा लागतो. आणि न्येगोशच्या कॅलोटाइपपाशी आल्यावर त्याचे उत्तर निःसंदिग्ध मिळते, कारण तेथे कागदाच्या तंतूंमधून जो चेहरा वर आला आहे तो त्या वर्षी समोर बसलेल्या माणसाचा आहे.